पूर ओसरल्यावर घर कसं सावरायचं: आधी गाळ, मग ओल, मग बुरशी, शेवटी रंग

पुराचं पाणी घरातून उतरलं की नुकसान थांबलं असं वाटतं. तसं नसतं. भिंत आतून भिजलेली असते, फरशीखाली पाणी साठलेलं असतं आणि कपाटाच्या मागे एक-दोन दिवसांतच बुरशी धरायला लागते. पुढचे सहा महिने तुम्ही काय करता आणि कुठल्या क्रमाने करता, त्यावर घर किती वाचतं ते ठरतं. क्रम शीर्षकात दिलाय तोच. आपल्याकडे पूर येतो जुलै-ऑगस्टमध्ये आणि लगेच गणपती येतात. २०१९ मध्ये ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत घरांत पाणी होतं आणि २ सप्टेंबरला गणपती बसले. त्या घाईत ओल्या भिंतीवर रंग चढतो आणि पुढची दोन वर्षं तो पोपड्यांनी गळत राहतो.

आधी एक गोष्ट लक्षात घ्या: सगळे पूर सारखे नसतात. २०१९ ला कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेने ५५ फूट ओलांडले (धोका पातळी ४३), सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांवर गेली (धोका पातळी ४५) आणि कित्येक घरांत पाणी आठवडाभर उभं राहिलं. अशा पुरात भिंती पार गाभ्यापर्यंत भिजतात. चिपळूणला २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी झपाट्याने चढलं, दुसऱ्या दिवशी ओसरायलाही लागलं, पण मागे चिखलाचा जाड थर ठेवून गेलं. तुमच्याकडे पाणी थोडाच वेळ होतं तर गाळावर जास्त मेहनत घ्या. बरेच दिवस होतं तर भिंती वाळायला जास्त वेळ द्यावा लागेल हे आत्ताच धरून चाला.

लागणारं सामान

कामाला हात घालण्याआधी हे जमवा. पूर ओसरल्यावर गावातल्या दुकानात यातलं काही मिळत नाही, म्हणून नातेवाईक मदतीला येणार असतील तर बिस्किटांच्या पुड्यांऐवजी हे आणायला सांगा.

- गमबूट, कोपरापर्यंतचे रबरी हातमोजे, एन-९५ मास्क, साधा चष्मा किंवा गॉगल
- फावडं, घमेली, खराटे, रबरी वायपर, ताठ केसांचा ब्रश, पत्रा खरवडायची पटाशी
- ब्लिचिंग पावडर (टीसीएल) किमान ५ किलो, कपडे धुण्याची पावडर, फवारणीचा हातपंप
- मोठा टॉर्च, लांब काठी, मोजपट्टी, जाड पारदर्शक प्लास्टिक आणि रुंद चिकटपट्टी
- पेडेस्टल फॅन आणि आर्द्रता दाखवणारं छोटं डिजिटल यंत्र

१. आत पाय टाकण्याआधी

घराला बाहेरून एक पूर्ण चक्कर मारा. जोत्याखालची माती वाहून गेली आहे का, भिंतीला तिरकी भेग आहे का, भिंत पोटासारखी फुगली आहे का, कौलांची ओळ कुठे खाली बसली आहे का, हे बघा. मातीच्या भिंतींबाबत जास्त जपा. पाणी उभं असतं तेव्हा ते दोन्ही बाजूंनी भिंतीला दाबून धरतं. पाणी उतरलं की तो आधार जातो आणि तळचा भिजून मऊ झालेला थर वरच्या वजनाखाली बसतो. म्हणून मातीचं घर पुरात टिकलं तरी पाणी उतरल्यावर, कधी कडक ऊन पडल्यावर, पडू शकतं. तळाला माती हाताने सुटत असेल तर आत झोपू नका. आढ्याला आणि तुळईला लाकडी टेकू लावून मगच सामान बाहेर काढा.

गॅसचा वास आला तर काडी ओढू नका, बटण दाबू नका, बाहेर येऊन १९०६ ला फोन करा. वीज बाहेरूनच बंद करता येत असेल तर करा. मीटरच्या पेटीपर्यंत पाण्यातून जावं लागत असेल तर जाऊ नका, महावितरणच्या माणसाला बोलवा.

आत शिरताना काठी पुढे. पुरात साप उंच आणि कोरडी जागा शोधतो: माळा, कपाटाचा वरचा कप्पा, गादीची घडी, उलटं पडलेलं पातेलं. हात घालण्याआधी प्रत्येक वस्तू काठीने हलवा.

२. साफसफाईआधी फोटो आणि कागद

पंचनामा व्हायचा आहे म्हणून चिखल तसाच ठेवून आठ-आठ दिवस वाट बघणारी घरं असतात. त्यात घर कुजतं. पुरावा नीट गोळा केला तर साफसफाई थांबवायची गरज नसते.

प्रत्येक खोलीचे चारही कोपरे टिपा. भिंतीवर पाण्याची रेघ उमटलेली असते, तिच्याशेजारी मोजपट्टी उभी धरून फोटो काढा. फ्रिज, वॉशिंग मशीन, पंप यांच्या मागच्या पट्टीवरचा मॉडेल आणि अनुक्रमांक टिपून घ्या. पाणी कुठल्या तारखेला किती वाजता आत आलं आणि कधी उतरलं ते लिहून ठेवा, कारण घर दोन दिवसांपेक्षा जास्त पाण्याखाली होतं का, हा प्रश्न सरकारी मदतीच्या निकषांत असतो. मग भिजलेलं सामान अंगणात एका जागी रचा आणि त्या ढिगाचाही फोटो घ्या.

पंचनाम्यासाठी तलाठी (आता ग्राम महसूल अधिकारी), ग्रामसेवक (आता ग्रामपंचायत अधिकारी) किंवा शहरात पालिकेचा कर्मचारी येतो. त्यांच्यासमोर लागणारे कागद:

- आधार कार्ड आणि रेशन कार्ड
- बँक पासबुकाचं पहिलं पान (खातं आधारला जोडलेलं असावं)
- घरपट्टीची पावती किंवा वीजबिल, गावात नमुना ८ चा उतारा, शहरात प्रॉपर्टी कार्ड
- भाडेकरू असाल तर भाडेकरार. तुमचं सामान भिजलंय, म्हणून तुमचंही नाव पंचनाम्यात यायला हवं. फक्त घरमालकाचं नाव लिहून कर्मचारी पुढे जाऊ देऊ नका.

पंचनाम्यावर सही करण्याआधी वाचा. "अंशतः" आणि "पूर्णतः" या एका शब्दाने मदतीची रक्कम बदलते. सही केलेल्या कागदाचा फोटो घ्या.

घराचा विमा असेल तर त्याच दिवशी कंपनीला कळवून दावा क्रमांक घ्या. सर्व्हेअर येऊन जाईपर्यंत किंवा कंपनीने लेखी परवानगी देईपर्यंत महागडी वस्तू भंगारात देऊ नका. कुजणारी गादी ठेवणं शक्य नसेल तर फोटो काढून तिचा एक तुकडा कापून ठेवा. पंपाचं भाडं, मजुरी, ट्रॉलीचा खर्च, सगळ्याच्या पावत्या जपा. गृहकर्ज घेताना बँकेने विमा उतरवलेला असतो आणि घरच्यांना ते आठवतही नाही, तेव्हा कर्जाची फाइल एकदा उघडून बघा.

भिजलेले मूळ कागद उन्हात टाकू नका. ते आकसतात, शाई उडते. चिखल असेल तर स्वच्छ पाण्याच्या ताटात हलकेच बुडवून काढा, वर्तमानपत्राच्या मध्ये ठेवून पंख्याखाली सुकवा, कागद बदलत राहा. गठ्ठा मोठा असेल आणि वेळ नसेल तर प्लास्टिकच्या पिशवीत घालून कुणाच्या तरी चालू डीप फ्रीझरमध्ये ठेवा. गोठलेल्या कागदावर बुरशी वाढत नाही, नंतर थोडे थोडे काढून सुकवता येतात.

३. गाळ: ओला असतानाच

या कामात एक दिवस उशीर झाला की मेहनत दुप्पट होते. पुराचा गाळ अगदी बारीक असतो. ओला असतो तेव्हा तो खिरीसारखा सरकतो आणि वायपरने ढकलता येतो. ऊन लागलं की वरून साय धरते, मग तडे जातात, आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी तो फरशीला असा चिकटतो की पटाशीने ठोकून काढावा लागतो. कोरडा झाल्यावर त्याची धूळ उडते आणि त्या धुळीत सांडपाण्यातली सगळी घाण असते. गाळ आधीच सुकला असेल तर झाडू मारू नका. आधी पाणी शिंपडून मऊ करा.

पहिलं काम बाहेरचं: गटार आणि चेंबर मोकळे करा. हे न करता घर धुतलं तर सगळा चिखल बाथरूमच्या जाळीत आणि पाइपात जाऊन बसतो आणि तिथे सिमेंटसारखा घट्ट होतो. गाळ घमेल्यांनी बाहेर काढायचा आणि शेवटचा पातळ थर फक्त पाण्याने घालवायचा. मोरीच्या जाळीवर जुनं कापड बांधून ठेवा.

धुताना वरून खाली या: आधी भिंत, मग खिडकीच्या खाचा, मग फरशी. गाळ लपून राहतो त्या जागा म्हणजे दाराच्या चौकटीचा तळ, सरकत्या खिडकीचे रूळ, ओट्याखालचे कप्पे, स्कर्टिंगच्या मागची फट, विजेच्या स्विचचे खोके आणि लोखंडी कपाटाचा पोकळ तळ. कपाट आडवं करून तळातून पाणी सोडा. बरेचदा त्यातून दोन-दोन घमेली चिखल निघतो. जोराच्या फवाऱ्याचा पंप फरशीवर आणि सिमेंटच्या भिंतीवर चालतो. मातीच्या भिंतीवर आणि विटा-दगडांमधल्या चुन्याच्या जुन्या सांध्यांवर तो लावू नका, ते पोखरले जातात.

तळघरात किंवा पार्किंगमध्ये पाणी असेल तर ते एका दमात उपसायचं नाही. बाहेरची जमीन अजून पाण्याने भरलेली असते. आतलं पाणी गेलं की बाहेरच्या दाबाने भिंत आत ढकलली जाते. रोज साधारण एक तृतीयांश उपसा आणि रात्री पातळी पुन्हा चढते का बघा. चढत असेल तर थांबा. सेप्टिक टाकीचंही हेच. जमीन पाण्याने भरलेली असताना रिकामी केलेली टाकी वर उचलली जाते.

४. जंतुनाशक: धुतल्यानंतरच

चिखलावर ब्लिचिंग पावडर भुरभुरवण्याचा उपयोग होत नाही. क्लोरीन चिखलातल्या घाणीवरच खर्ची पडतं. आधी साबणाच्या पाण्याने घासून पृष्ठभाग दिसायला लागू दे, मग हे द्रावण:

१० लिटर पाणी, १०० ग्रॅम ताजी ब्लिचिंग पावडर. ढवळून अर्धा तास ठेवा, खाली साका बसेल. वरची निवळ वापरा. फरशी, टाइल्स, संडास, प्लास्टिकच्या वस्तू यांवर ती पसरून किमान १० मिनिटं ओली राहू द्या, मग पाण्याने धुवा. द्रावण त्याच दिवशी वापरायचं, दुसऱ्या दिवशी त्यात जोर राहत नाही. लोखंड आणि ॲल्युमिनियम त्याने गंजतं, तिथे साबणपाणीच बरं.

ब्लिचिंगमध्ये टॉयलेट क्लीनर, ॲसिड किंवा अमोनियाचा क्लीनर कधीही मिसळू नका. विषारी वायू निघतो आणि बंद बाथरूममध्ये तो जीव घेऊ शकतो. एकाच जागी एकामागून एक वापरतानाही मध्ये भरपूर पाणी ओता.

पाण्याची टाकी किंवा हौद बुडाला असेल तर रिकामा करून घासा, मग दर १००० लिटरला १५० ग्रॅम ब्लिचिंग पावडरची निवळ घालून भरा, नळांतूनही ते पाणी काढून पाइप भरून घ्या, एक दिवस ठेवा आणि ओतून द्या. ते पाणी प्यायचं नाही. विहीर बुडाली असेल तर आधी उपसून गाळ काढा. विहिरीतलं पाणी मोजायचं सूत्र: व्यास × व्यास × पाण्याची खोली (सगळं मीटरमध्ये) × ७८५ = लिटर. तीन मीटर व्यासाच्या विहिरीत चार मीटर पाणी असेल तर सुमारे २८,००० लिटर. नेहमीचं प्रमाण १००० लिटरला २.५ ग्रॅम, म्हणजे ७० ग्रॅम. पुरानंतरच्या गढूळ पाण्याला दुप्पट घ्या. तासाभराने ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाकडून क्लोरीन तपासून घ्या. पाण्याचा नमुना प्रयोगशाळेतून चांगला येईपर्यंत पिण्याचं पाणी उकळूनच प्या.

५. काय ठेवायचं, काय टाकायचं

इथे मन घट्ट करावं लागतं, विशेषतः घरातल्या मोठ्यांना. फोमच्या गाद्या, उश्या, सोफ्याचं आतलं भरण, भिजलेली औषधं आणि पुराचं पाणी लागलेलं सगळं धान्य टाकून द्या. धुऊन वाळवलेले तांदूळ दिसायला चांगले दिसतात, पण खायचे नाहीत, जनावरांनाही घालायचे नाहीत. झाकण दाबून बसणाऱ्या स्टीलच्या डब्यात पाणी शिरतं. डबा आतून कोरडा दिसला तरी झाकणाच्या कडेला चिखलाची रेघ असेल तर टाका. कापसाची गादी पिंजून पुन्हा भरता येते म्हणून ठेवावीशी वाटते. घाणपाण्यात बुडालेली ठेवू नका.

पार्टिकल बोर्डचं फर्निचर फुगलं की संपलं. चांगलं मरीन प्लायवूड बहुधा वाचतं, फक्त मागचा पत्रा किंवा पातळ प्लाय काढून टाका, कारण बुरशी त्याच्यामागे असते. सागवानी दार फुगून बसत नसेल तर रंधा मारू नका. सावलीत वाळू द्या, दोन-तीन महिन्यांत ते पूर्वीच्या मापावर बऱ्यापैकी येतं. ओलं असताना तासलेलं दार उन्हाळ्यात बोटभर फटीचं होतं.

भांडी, काच, स्टील, प्लास्टिक, सुती कपडे धुऊन वापरता येतात. कपडे शक्य तितक्या गरम पाण्यात धुवा आणि कडक उन्हात दोन्ही बाजूंनी वाळवा.

६. वीज

मेन चालू करून "काय होतंय बघू" हा प्रयोग कुणी करू नये. परवानाधारक वायरमन बोलवा आणि त्याच्याकडून हे काम करून घ्या: बुडालेले सगळे स्विच, सॉकेट, एमसीबी आणि वायरचे सांधे बदलायचे. स्विचची खोकी उघडून आतला गाळ धुवायचा आणि वाळवायचा. भिंतीतल्या वायरी मेगरने (वायरीचं आवरण शाबूत आहे का ते मोजणारं यंत्र) तपासायच्या, ५०० व्होल्टवर १ मेगाओमपेक्षा कमी वाचन आलं तर ती लाइन जोडायची नाही. अर्थिंग तपासायचं. आरसीसीबी (वीज कुठे गळायला लागली की लगेच पुरवठा तोडणारा स्विच) नसेल तर आत्ताच बसवून घ्या. ओल्या भिंतींच्या घरात पुढचे कित्येक महिने शॉक बसण्याची भीती असते. आरसीसीबी सारखा पडायला लागला तर तो खराब आहे म्हणून काढून टाकू नका. बहुतेक वेळा तो भिंतीतली ओल खरीच दाखवत असतो. मीटर महावितरणचं असतं, त्याला हात लावू नका, तक्रार १९१२ वर करा.

वरचा मजला कोरडा असेल तर वायरमनला खालच्या मजल्याची लाइन तोडून वरची चालू करायला सांगा. पंखे चालू झाले की वाळवण्याचं काम सुरू होतं.

फ्रिज, वॉशिंग मशीन, पंप, मिक्सर मेकॅनिकने उघडून वाळवल्याशिवाय लावू नका. फ्रिजच्या दोन पत्र्यांमधला फोम भिजला असेल तर तो वाळत नाही आणि पुढे आतून वास येत राहतो. दुचाकी-चारचाकी बुडाली असेल तर स्टार्टर मारू नका. इंजिनात पाणी असेल तर कनेक्टिंग रॉड वाकतो. उचलून गॅरेजला न्या.

७. भिंती: इथे धीर लागतो

पाण्याची रेघ चार फुटांवर असली तरी भिंतीत ओल तिच्या वर चढलेली असते, कारण वीट पाणी वर ओढते. म्हणून रेघेच्या वर किमान फूट-दीड फुटापर्यंतचं आवरण काढायचं. काय काढायचं: वॉलपेपर, पीव्हीसी पॅनेल, लाकडी पॅनेलिंग, पुट्टी, पीओपी आणि जिप्समचा गिलावा, ऑइल पेंट, प्लास्टिक पेंट. सिमेंटचा गिलावा हातोडीच्या दांड्याने ठोकून बघा. भरीव वाजला तर राहू द्या, पोकळ वाजला तर पाडा. भिंत उघडीनागडी दिसेल आणि पाहुणे विचारतील. दिसू द्या, वीट उघडी असली की वाळते.

ढोबळ हिशोब असा की विटेची भिंत इंचाला एक महिना घेते. नऊ इंची भिंत दोन्ही बाजूंनी उघडी असेल तर चार-पाच महिने, एका बाजूने टाइल्स किंवा शेजारचं घर असेल तर नऊच्या आसपास. दगडमातीची दीड-दोन फुटी भिंत वर्षभर धरा. कोकणातला जांभा भरपूर पाणी पितो, पण गिलावा नसेल तर सोडतोही लवकर.

सगळ्यात मोठा सापळा असा: "ओल वर येऊ नये" म्हणून ओल्या भिंतीला चार फुटांपर्यंत टाइल्स लावणं किंवा वॉटरप्रूफिंगचा थर देणं. पाण्याला बाहेर पडायची वाट बंद झाली की ते टाइल्सच्या वर चढतं, आणि वर्षभराने पाच-सहा फुटांवर नवी काळी पट्टी दिसते. मातीच्या भिंतीला मजबुतीसाठी सिमेंटचा गिलावा करणं हाही तसाच प्रकार. आतली माती ओलीच राहते, सिमेंट वेगळं सुटतं आणि मध्ये वाळवीला जागा मिळते. मातीच्या भिंतीला मातीचा किंवा चुन्याचाच गिलावा करा.

वाळवताना हवामान बघा. पावसाच्या झडीत खिडक्या उघड्या ठेवल्या तर बाहेरची दमट हवा आत येते, भिंत वाळत नाही. उघडीप असेल, बाहेरची आर्द्रता आतल्यापेक्षा कमी असेल तेव्हा सगळं उघडा आणि एक पंखा दारात बाहेरच्या दिशेने तोंड करून लावा. संततधार असेल तर खोली बंद करून एसी ड्राय मोडवर चालवा किंवा ओल शोषणारं यंत्र भाड्याने आणा आणि त्याची बादली दोन वेळा रिकामी करा. खोलीतली आर्द्रता ६० टक्क्यांच्या खाली आणणं हे लक्ष्य. कपाटं, पलंग भिंतीपासून वीतभर लांब ठेवा. बंद खोलीत कोळशाची शेगडी पेटवून भिंत वाळवू नका, जनरेटरही आत किंवा व्हरांड्यात ठेवू नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, झोपेतच माणूस जातो.

भिंत वाळली का, हे हात लावून कळत नाही. वरचा पाव इंच कोरडा आणि आत ओल, असंच बहुतेक असतं. त्यासाठी चाचणी: दीड फूट बाय दीड फूट जाड पारदर्शक प्लास्टिक घ्या, भिंतीवर चारही बाजूंनी चिकटपट्टीने हवाबंद चिकटवा आणि २४ तास ठेवा. काढताना आतल्या बाजूला थेंब दिसले किंवा त्या चौकोनात भिंत गडद झाली असेल तर अजून ओल आहे. फरशीपासून फुटावर एक, रेघेजवळ एक, अशा दोन जागी ही चाचणी घ्या. फरशीलाही करा. टाइल्स टिचकीला पोकळ वाजत असतील तर कोपऱ्यातली एक काढून खाली पाणी आहे का बघा.

८. बुरशी

आधी बुरशी आणि लोणा यांतला फरक ओळखा. भिंत वाळताना आतले क्षार बाहेर येतात आणि पांढरी, कापसासारखी किंवा मिठासारखी पूड धरते. तिच्यावर पाण्याचा फवारा मारा. विरघळून नाहीशी झाली तर लोणा. तो कोरड्या ब्रशने झाडायचा, धुवायचा नाही, कारण धुतल्यावर क्षार पुन्हा भिंतीत जातात. लोणा म्हणजे भिंत वाळते आहे. बुरशीवर पाणी मारलं तर ती विरघळत नाही. काळी, हिरवी किंवा करडी असते, बोटाला माखते आणि कुबट वास येतो.

बुरशी साफ करताना:

- दमा असलेले, लहान मुलं, गरोदर बाई आणि वयस्कर माणसं त्या खोलीत नकोत. काम करणाऱ्याने एन-९५ मास्क, हातमोजे आणि चष्मा घालायचा. रुमाल बांधून भागत नाही.
- त्या खोलीतला पंखा बंद. पंख्याने बुरशीचे कण घरभर जातात.
- कोरडी घासू नका. साबणपाण्याचा हलका फवारा मारून ओली करा, मग ब्रशने घासा आणि कापडाने पुसून घ्या. कापड पिशवीत बांधून टाका.
- टाइल्स, काच, प्लास्टिक, सिमेंट यांवर त्यानंतर वर दिलेलं ब्लिचिंगचं द्रावण चालतं. लाकडात ते आत जात नाही, वरचा रंग उडवतं आणि मुळं तशीच राहतात. लाकडाला घासून झाल्यावर १ लिटर गरम पाण्यात ५० ग्रॅम टाकणखार (बोरॅक्स) विरघळवून ब्रशने लावा आणि वाळू द्या. टाकणखार मुलांच्या हाती लागू देऊ नका.
- पुट्टी किंवा जिप्सममध्ये बुरशी धरली असेल तर पुसत बसू नका, तो भाग काढून टाका.

साधारण तीन बाय तीन फुटांपर्यंतचा डाग घरी साफ होतो. पूर्ण भिंत किंवा छत काळं झालं असेल, किंवा घासल्यावर पंधरा दिवसांत परत येत असेल, तर आत ओल आहे. पाण्याची वाट शोधा, औषध बदलून काही होणार नाही. "अँटिफंगल" रंग ओल्या भिंतीवर लावला तर बुरशी त्याच्यामागे वाढते.

९. तब्येत

२६ जुलै २००५ च्या मुंबईच्या पुरानंतर लेप्टोस्पायरोसिसची मोठी साथ आली होती. उंदरांच्या मुतातून हा जंतू पाण्यात आणि चिखलात येतो आणि पायाच्या चिरेतून शरीरात जातो. चिखलात उतरलेल्या प्रत्येकाने सरकारी दवाखान्यात जाऊन प्रतिबंधक गोळी घ्यावी का हे डॉक्टरांना विचारावं. मुलांना आणि गरोदर स्त्रियांना औषध वेगळं असतं, म्हणून शेजाऱ्याची गोळी देऊ नका. धनुर्वाताचं इंजेक्शन बाकी असेल तर घ्या. पुढच्या महिन्याभरात ताप, पोटऱ्यांत दुखणं, डोळे लाल होणं यातलं काही झालं तर "पुराच्या चिखलात काम केलंय" हे डॉक्टरांना आपणहून सांगा.

१०. गणपतीसाठी चुना, रंग संक्रांतीनंतर

सणाला भिंत उघडी ठेवायची नसेल तर चुन्याची सफेदी द्या. चुना भिंतीचा श्वास बंद करत नाही आणि त्याच्या क्षारपणामुळे बुरशी धरत नाही. कळीचा चुना लोखंडी पिंपात भिजवा. पाण्यात चुना थोडा थोडा टाकायचा, चुन्यावर पाणी ओतायचं नाही, कारण तो उसळतो आणि डोळ्यांत जाऊ शकतो. प्लास्टिकची बादली वितळते. आठवडाभर मुरू द्या, कापडाने गाळा, दुधाइतका पातळ करून दोन-तीन हात द्या. ऑइल पेंटवर चुना बसत नाही, तो आधी खरवडलेला असायला हवा. चिकटपणासाठी फेविकॉल घालू नका.

थंडीत हवा कोरडी असते तेव्हा भिंती खऱ्या वाळतात. मकर संक्रांतीच्या सुमारास प्लास्टिकची चाचणी परत करा. थेंब नसतील तर गिलावा, पुट्टी, रंग या क्रमाने काम लावा. थेंब असतील तर उन्हाळ्यापर्यंत थांबा. काळ्या मातीवरच्या घरांना, म्हणजे सांगली-शिरोळ भागातल्या बहुतेक घरांना, याच काळात नव्या भेगा दिसतात, कारण फुगलेली माती वाळताना आकसते. भेगेच्या दोन्ही बाजूंना पेन्सिलीने खूण करून तारीख लिहा. महिन्यात खुणांमधलं अंतर वाढत असेल तर भेग बुजवण्याआधी इंजिनिअरला दाखवा.

वायरिंग नव्याने करतानाच सगळे सॉकेट पुराच्या रेघेच्या वर घ्या आणि खालच्या-वरच्या मजल्याच्या लाइन वेगळ्या करून घ्या. ओट्याखाली प्लायवूडऐवजी कडप्प्याचे कप्पे करा. भिंतीवरची पाण्याची रेघ रंगाखाली जाण्याआधी दाराच्या चौकटीवर खिळ्याने खूण करून वर्ष लिहून ठेवा, पुढच्या वेळी सामान किती उंच चढवायचं ते तिथूनच मोजता येईल.